रोहिणी निघायच्या आत घरावरचे पत्रे पाहून घ्या



वैशाखाचे ऊन तापलेले असताना वादळाचा विषय काढला की ऐकणारा हसतो. कांदा बराखीत भरायचा आहे, टोमॅटोची बांधणी राहिली आहे, कोणाच्या दारात लग्नाचा मांडव आहे, आणि अशात हा साहेब पत्र्याचे बोल्ट मोजायला सांगतो. तरी सांगतो. हे काम कोरड्या दिवसात सकाळच्या दोन-तीन तासांत होते. तेच काम वादळाच्या दिवशी करायला जो शिडी लावतो, तो धडपणे खाली उतरेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

चक्रीवादळ हे कोकणचे दुखणे, आपल्या आडवा सह्याद्री आहे, अशी आपल्याकडची जुनी समजूत. बुधवार, ३ जून २०२० रोजी ती मोडली. निसर्ग नावाचे वादळ त्या दुपारी श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धनपासून आपली वारूळवाडी सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास भरते. वादळ घाट चढले आणि ईशान्येला सरकत पुणे जिल्ह्यातून नाशिककडे निघून गेले. रोहिणी नक्षत्र चालू होते, वटपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. आपल्या भागात घरांचे, गोठ्यांचे पत्रे उडाले, पॉलिहाउस उताणी पडली, केळीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब वाकले, आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडला.

किनाऱ्यावरचा जोर इथवर येईतो पुष्कळ उतरला होता. तरीही जिल्ह्यात माणसे दगावली. ती कशी, ते नीट ऐका. खेड तालुक्यात एक वयस्क बाई घराची पडझड अंगावर येऊन गेल्या. हवेली तालुक्यात एक गृहस्थ घरावरचे उडू लागलेले पत्रे धरायला गेले आणि त्यात त्यांचा जीव गेला. म्हणजे आपल्याकडे या वादळात घात झाला तो घराच्या भिंतीने आणि छपराने. म्हणून आजचे सारे सांगणे घराभोवतीच आहे. शेतातल्या पिकांचे निराळे लिहीन.

आधी हंगाम कोणता ते पाहू. अरबी समुद्रात वादळे वर्षातून दोनदा उठतात. एकदा पावसाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे मे आणि जूनमध्ये. दुसऱ्यांदा पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. निसर्ग जूनमधले. तौक्ते हे मे २०२१ मधले. ते किनारा धरून गुजरातकडे गेले. फयान हे वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग-मुंबईच्या बाजूला किनाऱ्याला लागले होते. २०१९ मध्ये दिवाळीच्या सुमारास क्यार आणि पाठोपाठ महा ही दोन वादळे आपल्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात फिरत राहिली, तरी अवकाळी पावसाने द्राक्षबागायतदारांच्या तोंडचे पाणी पळवले. या दुसऱ्या हंगामात आणखी एक गोष्ट असते. जूनमध्ये धरणे रिकामी असतात. ऑक्टोबरात वडज भरलेले असते आणि वरून पाऊस आला की मीना नदीत पाणी सोडावे लागते. नदीकाठच्या मळ्यांनी मोटारी आणि जनावरे वेळेवर वर काढावीत. ऊसतोडीची टोळी आलेली असेल तर तिचीही आठवण ठेवावी. कोपीतल्या माणसांकडे ना दार असते ना पत्रा. बागायतदाराने आपल्या घरची तयारी करताना त्यांना शाळा किंवा समाजमंदिर उघडून मिळेल एवढे तरी पाहावे.

आता इशाऱ्याविषयी. वेधशाळा चार टप्प्यांनी सांगते. साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी पहिला इशारा, २४ तास आधी दुसरा. चौथा टप्पा किनाऱ्याला लागण्याच्या निदान १२ तास आधी येतो. आत शिरल्यावर वादळ कोणत्या जिल्ह्यांवरून जाईल आणि तिथे वारा किती असेल, ते त्यात असते. आपल्याकडे होते काय, की बातमीत रायगड-श्रीवर्धन ही नावे आली की लोक रेडिओ बंद करतात, मोबाईल खिशात टाकतात. पहिले तीन इशारे मुख्यतः किनाऱ्यासाठी असतात हे खरे, पण चौथा नेमका आपल्यासारख्या आतल्या तालुक्यांसाठी असतो, आणि तोच ऐकायचा राहून जातो. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातातले टाकून सुरक्षित जागी व्हा. मोबाईलवर काय काय फिरत असते, त्यातले निम्मे जुने व्हिडिओ असतात. वेधशाळेचे आणि तहसील कचेरीचे तेवढे खरे धरावे.

आता मुख्य काम, छप्पर.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरचा वारा ९० चा झाला तर दाब नऊपट. म्हणून ‘आमचे पत्रे दर वळवाला टिकतात’ हा दाखला इथे चालत नाही. दुसरे असे, की पत्र्याला वारा वरून दाबत नाही, तो त्याला वर ओढतो. छपरावरून वेगाने जाणारा वारा वरच्या बाजूने ओढ लावतो, आणि पडवीतून, दारातून, भिंत व पत्रा यांच्या फटीतून आत शिरलेला वारा खालून ढकलतो. दोन्ही जोर एकाच दिशेने, आकाशाकडे. अशा वेळी पत्र्यावर ठेवलेल्या दगडांचा काही उपयोग नाही. उलट पत्रा उचलला की तेच दगड खाली माणसांवर आणि वासरांवर येतात. आपल्याकडे शंभरातल्या किती घरांवर दगड, विटा, जुने टायर पडलेले असतात ते रस्त्याने जाता जाता पाहा. ते खाली उतरवणे हे पहिले काम.

मग शिडी लावून बोल्ट पाहावेत. छप्पर कधीही मधून सुटत नाही. ते सुटते वळचणीच्या कडेने, आढ्यापाशी आणि चार कोपऱ्यांत. मिस्त्री मात्र सगळीकडे सारखेच बोल्ट मारतो, आणि पत्रे बसवताना घाई असली तर कडेलाच कमी मारतो. कडेच्या ओळीत एक नळी सोडून एक असा बोल्ट असावा. बोल्ट नळीच्या माथ्यावर असावा, खोलगटात असला तर तिथून गळते, गंजते आणि भोक मोठे होते. भोक वाढलेले असेल तर वॉशर लहान पडतो आणि पत्रा वॉशरमधून फाटून निघून जातो. तिथे मोठा वॉशर आणि खाली डांबरी किंवा रबरी चकती घालावी. साध्या जे बोल्टचा आकडा जोराची ओढ बसली की सरळ होतो. निदान कोपऱ्यांत आणि कडेला यू बोल्ट वापरावा, तो पाईपला दोन्ही बाजूंनी धरतो. खर्च किती? एका घराच्या कडा नीट करायला लागणारे बोल्ट आणि वॉशर नारायणगावच्या बाजारात एका पिशवीत मावतात.

पत्रा पाईपला धरून आहे, पण पाईप कशाला धरून आहे, हा पुढचा प्रश्न, आणि तो फारसे कोणी विचारत नाही. पुष्कळ घरांत पाईप किंवा लाकडी वासे भिंतीवर नुसते टेकवलेले असतात, वर दोन विटा आणि थोडा सिमेंटचा लगदा. अशा घराचे पत्रे पाईपांसकट उडतात. भिंतीत खोल गाडलेली सळई वर काढून तिने पाईप आवळलेला असावा. नवे घर बांधताना हे सहज होते. जुन्या घराला आपल्या द्राक्षबागेचा न्याय लावावा. मांडवाच्या कडेच्या खांबाला आपण तिरका ताण देतो आणि दगड जमिनीत खोल गाडतो. तसेच छपरावर आढ्यापाशी आणि वळचणीपाशी आडवी पट्टी किंवा जाड बांबू ठेवून, त्यावरून मांडवाची जुनी जाड तार किंवा मजबूत दोर घेऊन, दोन्ही बाजूंना जमिनीत गाडलेल्या दगडाला ओढून बांधावे. मांडवाचे ताण ओढणारा माणूस प्रत्येक वाडीत आहे; त्याला वेगळे शिकवावे लागणार नाही. मात्र तार ओढताना विजेची सर्व्हिस वायर कोठून जाते ते आधी पाहावे आणि मेन स्विच बंद करावा. पुष्कळ घरांत ही वायर पत्र्याला घासत असते. वायरचे वेष्टन सोलले तर सारे छप्पर वीजभारित होते. तिथे पीव्हीसी नळी घालून घ्यावी.

पडवीचे एक सांगतो. हौसेने घराचाच पत्रा पुढे लांबवून पडवी केलेली असते. पडवी तीन बाजूंनी उघडी, वारा तिच्यात भरतो आणि तिला उचलतो. ती घराचे छप्पर सोबत घेऊन जाते. पडवीचा पत्रा घराच्या पत्र्यापासून तोडून वेगळा, जरा खाली बसवावा. गेली तर पडवी जाईल, घर राहील.

भिंतीसाठी फार करता येत नाही, पण ओल तरी रोखता येते. पांढऱ्या मातीच्या आणि कच्च्या विटांच्या भिंतीला पाऊस लागला की ती खालून फुगते आणि मग वाऱ्याच्या एका धक्क्याने बसते. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी साचू न देणे, चर काढणे, तडा गेला असेल तर पावसाआधी लिंपणे. आढ्याखालची उंच त्रिकोणी भिंत एकेरी विटेची असेल आणि वर मोकळी असेल, तर त्या भिंतीखाली कोणाचे अंथरूण पडते ते आजच पाहा आणि जागा बदला. बहुधा ते घरातल्या म्हातारीचे असते.

आता वाऱ्याची दिशा. आपला पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून सगळा बंदोबस्त पश्चिमेला. पण चक्रीवादळात वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. वादळ नैऋत्येला, रायगडच्या बाजूला असते तेव्हा आपल्याकडे वारा आग्नेयेकडून आणि पूर्वेकडून येतो. आपल्या घरांची तोंडे बहुतेक पूर्वेला. दार, ओटा, पडवी सगळे तिकडेच. म्हणजे ज्या बाजूने आपण कधी वाऱ्याची अपेक्षा केली नाही, तिकडूनच तो पहिला शिरतो. पूर्वेच्या दाराला आतून चांगला अडसर हवा, नुसती कडी पुरत नाही. वादळ पुढे सरकते तसा वारा फिरत जातो. मध्येच तो पडला म्हणून ‘चला, पत्रे बघून येऊ’ असे करू नये. तो दुसऱ्या अंगाने परत येतो.

आणि आता तो पत्रा. वारा सुरू झाला, एक कोपरा धडधडू लागला, की घरातला करता माणूस उठतोच. डोळ्यांदेखत संसार उघडा पडतोय, तर बसवत नाही. पण दहा फुटी पत्रा वाऱ्याने भरला की तो चार माणसांनाही आवरत नाही आणि त्याची कड कोयत्यासारखी असते. मायबहिणींनो, हे तुम्हालाच सांगतो, कारण त्या वेळी त्यांचे कान बंद असतात. दाराला अडसर घाला आणि पुढे तुम्ही बसा. पत्रा दुकानात मिळतो.

ज्याचे छप्पर भरवशाचे नाही त्याने वारा सुरू व्हायच्या आत पक्क्या स्लॅबच्या घरात जावे. कोणाच्या, ते आज ठरवावे. आपल्याकडे मळ्यामळ्यांत घरे विखुरलेली, दोन घरांत पाच-दहा एकरांचे अंतर, मध्ये ऊस. जवळचे स्लॅबचे घर नेमके भावकीतले असते, आणि बांधावरून दहा वर्षे बोलणे नसते. माझे म्हणणे, ज्याचे घर पक्के त्याने आधी निरोप धाडावा. मागायला येणाऱ्याचे पाय जड असतात. बांधाचा दावा चालू राहू द्या, त्याला तारखा पुष्कळ मिळतात. सरकारी शाळेचे छप्पर पत्र्याचे असेल तर ती निवाऱ्याची जागा धरू नये, दगडी मंदिर किंवा सोसायटीची पक्की इमारत बरी.

जनावरांचे काय करावे, यावर पुस्तकात एक वाक्य असते, की वादळात गुरांची दावी सोडून द्यावीत. पुस्तक लिहिणाऱ्याने जुन्नर तालुक्यातली रात्र पाहिलेली नसावी. इथे सोडलेले वासरू बिबट्याच्या पुढ्यात जाते, आणि गोठ्यात बांधलेले पत्र्याखाली सापडते. म्हणून हे काम दिवसाउजेडी करायचे. गोठा कच्चा असेल तर जनावरे दुपारीच पक्क्या भिंतीच्या, आडोशाच्या आणि दार लागणाऱ्या जागी न्यावीत. तशी जागा नसेल तर निदान दावणीची गाठ एका ओढीत सुटेल अशी मारावी आणि विळा दाराशी टांगून ठेवावा. चिंचेखाली, सुबाभळीखाली, विजेच्या ताणाच्या तारेला जनावर बांधू नये. रात्री उठावेच लागले तर दोघांनी, विजेरी घेऊन, बोलत जावे. शेरडे-करडे सरळ घरात घ्यावीत. शेतात धनगराचा वाडा बसला असेल तर त्यालाही सांगावे, त्याच्यापर्यंत इशारा पोचलेला नसतो.

घरातली तयारी घरच्या लक्ष्मीला माझ्यापेक्षा जास्त कळते, तरी पाण्याचा हिशोब करून पाहा. एक दुभती म्हैस दिवसाला ५०-६० लिटर पाणी पिते. दोन म्हशी आणि सहा माणसांचे पिणे-स्वयंपाक धरला तर २०० लिटरचा एक पिंप जेमतेम दीड दिवस पुरतो. वीज गेली की विहिरीवरची मोटार बंद, गावची नळयोजनाही बंद. निसर्गनंतर कोकणात कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हा इशारा आला की हौद, पिंपे, हंडे सगळे भरावे. छपरावरची प्लॅस्टिकची टाकीही भरावी, भरली की ती उडत नाही. विहिरीला रहाट किंवा पोहरा-दोर अजून आहे का, तेही पाहून ठेवावे. बाकी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगा, लेकराला दूध, म्हाताऱ्या माणसाची रक्तदाबाची-साखरेची गोळी आठ दिवसांची. कोरडे सरपण आणि काड्यापेटी प्लॅस्टिकमध्ये. मोबाईल चार्ज करून ठेवावेत, आणि एक फोन बंदच ठेवावा. रेशनकार्ड, आधार, बँकेचे पुस्तक, सातबारा, विम्याची पावती हे सगळे एका जाड पिशवीत बांधून डब्यात टाकावे आणि डबा पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नये.

डोंगराच्या कुशीत राहणाऱ्यांना मात्र वाऱ्यापेक्षा पावसाचे भय मोठे. आपल्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गाव डोंगराखाली गेले आणि दीडशेवर माणसे गेली. ते चक्रीवादळ नव्हते, संततधार पाऊस होता. पण वादळाच्या पावसातही खुणा त्याच: उतारावर नवी भेग, झाडे कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे. दिसले की पोरेबाळे घेऊन निघावे, पंचायतीची वाट पाहू नये.

वादळ गेल्यावर पहिली सकाळ फसवी असते. ऊन पडलेले असते आणि चिखलात तार पडलेली असते. ती मेलेली आहे असे समजून काठीनेही हलवू नये. १९१२ वर महावितरणला कळवावे. मोटारीचा स्टार्टर भिजला असेल तर वायरमनने पाहिल्याशिवाय चालू करू नये. मदतीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि रुग्णवाहिकेचा १०८, हे आकडे दारामागे खडूने लिहून ठेवावेत. पत्रे गोळा करायच्या आधी फोटो काढावेत, असे की मागे आपले घर ओळखू यावे. तलाठ्यांना, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, अर्ज देऊन पोच घ्यावी आणि पंचनाम्यात पत्रे, भिंत, भांडी, धान्य सगळे आले की नाही ते वाचून मगच सही करावी. निसर्गमध्ये जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी कुटुंबांचा हिरडा गेला. त्याच्या भरपाईसाठी त्यांना कित्येक वर्षे झगडावे लागले. इतकी वर्षे कागद जपायचा तर त्याची दुसरी प्रत मुलीच्या सासरी ठेवलेली बरी.

पत्र्याचे काम करणारे कारागीर मेच्या शेवटच्या आठवड्यात कोणालाच सापडत नाहीत. सगळ्या तालुक्याला त्याच आठवड्यात आठवण होते. तेव्हा येत्या आठवड्यातच सांगून ठेवा, आणि शिडी शेजाऱ्याकडे गेली असेल तर मागवून घ्या.